नाना शंकरशेट

कोपरखैरण्याहून सुटलेली लोकलगाडी घणसोली, रबाळे, ऐरोली ही स्थानके मागे टाकीत थोड्याच वेळात ठाण्यास पोहोचते. याच ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी येऊन थांबली. ती सुरू व्हावी म्हणून झटलेल्या मुंबईकरांत जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे हे अग्रगण्य होते. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. १८२२ साली वडील वारले आणि कोवळ्या वयातच मोठ्या व्यापाराचा भार त्यांच्यावर पडला. तो त्यांनी समर्थपणे वाहिला. परंतु त्यांचे मन केवळ पेढीत रमणारे नव्हते. शाळा काढाव्यात, मुलींनाही शिकवावे, यासाठी त्यांनी हात सैल सोडला.

त्या काळी देशावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदरास येई. पावसाळ्यात वाटा चिखलाने बंद पडत. मुंबईची भरभराट व्हावयाची, तर आतल्या मुलखाशी तिचा मार्ग पक्का हवा, हे नानांनी ओळखले. १८४५ च्या सुमारास त्यांनी व सर जमशेटजी जिजीभाई यांनी रेल्वेचा विषय नेटाने पुढे आणला. वाफेच्या बळावर लोखंडी रुळांवरून गाडी धावेल, ही गोष्टच तेव्हा पुष्कळांना खरी वाटत नव्हती. नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्यात या कामाच्या कचेरीला जागा दिली. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीस विलायतेच्या पार्लमेंटची मान्यता मिळाली व पुढच्याच वर्षी शीवजवळ काम सुरू झाले. अखेर बोरीबंदरातून चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन गाडी निघाली. सुमारे ३४ किलोमीटरचा तो प्रवास. त्या पाहुण्यांत नानाही होते.

रूळ आधी पडले आणि कुर्ला, घाटकोपर, भांडुप यांसारख्या गावांची वस्ती मागाहून त्यांच्या कडेने वाढली. कोपरखैरण्यास क्रम उलटा झाला. सिडकोने १९७० नंतर शेते व मिठागरे यांच्या जागी नगर वसविले. आगगाडी मात्र २००४ साली आली. मधल्या काळात रहिवाशांची भिस्त बसगाड्यांवरच होती.

शहर वाढवावे, पण त्यात गरिबाची जागा जाऊ नये, याविषयीही नाना दक्ष असत. गिरगावाजवळील सोनापूरची स्मशानभूमी दूर शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत होता. प्रेत खांद्यावरून एवढ्या लांब कसे न्यावे, ही लोकांची अडचण नानांनी सरकारपुढे मांडली आणि तो बेत रद्द करविला. माझ्या मते हे काम रेल्वेहून लहान नव्हे.

१८६२ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाली. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला व मुंबईचा प्रवासी रुळांवरूनच घाट चढून पुण्यास जाऊ लागला. ते पाहून दोन वर्षांनी, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना निवर्तले.