दगडापेक्षा थर महत्त्वाचा : रॉबर्ट ब्रूस फूट

कोल्हापुरात दगड म्हटला की काळा कातळच आठवतो. जोतिबाचा डोंगर असो की अंबाबाईचे मंदिर, सगळीकडे तोच बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हारसाचा हा खडक. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला, गडहिंग्लज-चंदगडच्या बाजूला, जिथे हा लाव्हा झिजून गेला आहे तिथे खालचा फिकट रंगाचा वालुकाश्म उघडा पडतो. शंभर कोटी वर्षांहूनही जुना असा हा गाळाचा खडक. बागलकोटजवळच्या कलादगी गावावरून भूशास्त्रात त्याला ‘कलादगी’ म्हणतात. या थरांची पद्धतशीर मांडणी केली ती रॉबर्ट ब्रूस फूट यांनी.

फूट यांचा जन्म 22 सप्टेंबर 1834 रोजी इंग्लंडमधील चेल्टनहॅमचा. 1858 मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात दाखल झाले आणि दक्षिण भारतात काम करू लागले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये नदीच्या जुन्या गाळात माणसाने घडवलेली दगडी हत्यारे सापडल्याने युरोपात खळबळ उडाली होती. भारतातही असे काही असेल, या विचाराने फूट खड्डे आणि ओढ्यांचे काठ निरखू लागले.

30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना मुरमाच्या एका खाणीजवळ घडवलेला दगड मिळाला. पण तो खाणीतून बाहेर टाकलेल्या ढिगाऱ्यात होता. मुळात कोणत्या थरातला, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हते आणि थराशिवाय त्याचे वय ठरणार नव्हते. फूट यांनी शोध सोडला नाही. सप्टेंबरमध्ये सहकारी विल्यम किंग यांच्यासोबत अत्तिरमपक्कमच्या ओढ्यात त्यांना प्रत्यक्ष थरात रुतलेले हत्यार मिळाले. भारतातील अश्मयुगाचा अभ्यास येथून सुरू झाला.

पुढे ते आपल्या भागात आले. आजऱ्याहून गडहिंग्लजमार्गे जाणारी हिरण्यकेशी ज्या घटप्रभेला मिळते, ती गोकाकला सुमारे 52 मीटर खाली झेपावते. तो कडा याच कलादगी वालुकाश्माचा. थर उलटेपालटे झालेले नसतील तर खालचा आधीचा आणि वरचा नंतरचा, हा साधा नियम. गोलसर गोटे असलेला थर वेगवान पाण्याची, वाळूवरच्या लाटांच्या खुणा उथळ पाण्याची, तर बारीक चिखलाचा थर संथ पाण्याची साक्ष देतो. गोकाकजवळच चिकदौली येथे, या खडकांच्या मानाने अगदी अलीकडच्या गाळात, फूट यांना गेंड्याचे जीवाश्म मिळाले. त्यांचे वर्णन 1874 मध्ये प्रसिद्ध झाले. आज गेंडा म्हटले की आसाम आठवतो. तो एके काळी घटप्रभेच्या काठीही चरत होता. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्यांचा ग्रंथ 1876 चा.

त्यांचे सगळेच निष्कर्ष टिकले नाहीत. मद्रासकडचा हत्यारे असलेला जांभा समुद्राखाली साचला, हे त्यांचे मत पुढे मागे पडले. पण जागा आणि थर यांच्या नोंदी टिकल्या. 1891 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोदा संस्थानासाठीही पाहणी केली. 1904 मध्ये त्यांचा हत्यारांचा संग्रह मद्रासच्या संग्रहालयाकडे गेला. 29 डिसेंबर 1912 रोजी त्यांचे निधन झाले.

फूट यांच्याकडे वर्षे मोजण्याचे साधन नव्हते. अत्तिरमपक्कमच्या सर्वांत खालच्या हत्यारांचे वय सुमारे 15 लाख वर्षे असल्याचे डॉ. शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवले. हे शक्य झाले, कारण हत्यारे मूळ थरात होती. म्हणून गडहिंग्लजकडे सहलीला गेलात आणि ओढ्याच्या काठात वेगळा दगड दिसला, तर तो लगेच उपसू नका. आधी जागा, थर आणि खोली टिपा, फोटो काढा. पिशवीत घालून घरी आणलेला दगड शोभेचा होतो. त्याचे वय मात्र ओढ्यातच राहते.