डिलीट केलेली फाईल परत का येते? उत्तर आहे जॉन फॉन नॉयमन यांच्या आयुष्यात

कॉम्प्युटरवर एखादी अनोळखी फाईल दिसते. तुम्ही ती डिलीट करता, रिसायकल बिनही रिकामं करता. कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की ती पुन्हा जागच्या जागी हजर! मग बरेच जण तीच फाईल दहा-दहा वेळा उडवत बसतात. पण खरा प्रश्न त्या फाईलचा नसतोच. ती बनवतंय कोण, हा खरा प्रश्न असतो.

स्वतःसारखीच दुसरी वस्तू तयार करणारं यंत्र कसं चालेल, याचा गणिती विचार एका माणसाने १९४०च्या दशकात करून ठेवला होता. आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस 'ब्रेन' आला १९८६ साली. हा माणूस त्याच्या २९ वर्षं आधीच गेला होता. त्यांचं नाव जॉन फॉन नॉयमन.

इंजिनिअरिंगला असताना मला हे नाव एका आकृतीपुरतंच माहीत होतं. आपण सगळे त्याला 'व्हॉन न्यूमन आर्किटेक्चर' म्हणायचो. मेमरी, कंट्रोल युनिट, एएलयू, इनपुट-आउटपुट असे चौकोन काढायचे, बाण जोडायचे आणि मार्क घ्यायचे. त्या चौकोनांमागचा माणूस मला नोकरीला लागल्यावर, त्यांच्याबद्दल वाचताना कळला.

वडिलांना हवी होती 'पैसे देणारी' डिग्री

फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये झाला. कुटुंब ज्यू आणि सधन, वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. मुलगा गणितात अफाट हुशार होता, पण गणितात पैसा नाही असं वडिलांचं मत. ओळखीचं वाटतंय ना? मग तोडगा निघाला. मुलाने झुरिकला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि त्याच काळात बुडापेस्ट विद्यापीठात गणिताची पीएचडीही केली. १९२६ साली दोन्ही पदव्या हातात आल्या. वय होतं २२.

१९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला आले. १९३३ मध्ये तिथल्याच इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनही तिथेच होते.

दुसऱ्या महायुद्धात ते अणुबॉम्बच्या प्रकल्पात सामील झाले. बॉम्बच्या आतल्या स्फोटाचं गणित त्यांनी केलंच, शिवाय बॉम्ब जपानमधल्या कोणत्या शहरांवर टाकायचा याची शिफारस करणाऱ्या समितीतही ते होते. त्यांच्याबद्दल लिहिताना ही बाजू झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

रेल्वे स्टेशनवरची भेट

बॉम्बच्या कामाला प्रचंड आकडेमोड लागायची. १९४४ च्या उन्हाळ्यात अॅबरडीनच्या रेल्वे स्टेशनवर त्यांना हर्मन गोल्डस्टाइन हे लष्करी अधिकारी भेटले. बोलता बोलता कळलं की फिलाडेल्फियात 'एनियाक' नावाचं इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर बनतंय. फॉन नॉयमन तिथे पोचले आणि त्यात रमले.

एनियाकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. वेग चांगला होता, पण काम बदलायचं तर केबल काढून नव्याने जोडायच्या आणि स्विच फिरवायचे. त्यात कित्येक दिवस जायचे. पुढच्या मशीनसाठी, म्हणजे 'एडव्हॅक'साठी, वेगळी कल्पना पुढे आली. प्रोग्रामसुद्धा आकड्यांच्या रूपात मेमरीतच ठेवायचा, डेटाच्या शेजारी. जून १९४५ मध्ये फॉन नॉयमन यांचा त्यावरचा अहवाल वाटला गेला. त्यावर नाव मात्र एकट्या त्यांचंच होतं. ज्या एकर्ट आणि मॉक्ली यांच्या टीममध्ये या कल्पनांवर चर्चा झाली होती, त्यांचं नाव नव्हतं. याचा त्या दोघांना राग आला, आणि श्रेय नक्की कुणाचं हा वाद अजूनही मिटलेला नाही.

आपल्या फाईलच्या प्रश्नाला ही कल्पना फार महत्त्वाची आहे. प्रोग्राम आणि डेटा एकाच मेमरीत, एकाच रूपात असतील, तर एक प्रोग्राम दुसरा प्रोग्राम लिहू शकतो. स्वतःची कॉपीही काढू शकतो. तुमचा अॅप अपडेट होतो तो यामुळेच, आणि व्हायरस पसरतो तोही यामुळेच.

स्वतःला बनवणारं यंत्र

१९४८ साली कॅलिफोर्नियातल्या एका परिषदेत त्यांनी वेगळाच विषय मांडला: यंत्र स्वतःसारखंच दुसरं यंत्र बनवू शकेल का? १९४९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात त्यांनी यावर व्याख्यानंही दिली.

इथे एक अडचण होती. यंत्राला स्वतःला बनवायचं तर आत स्वतःचा नकाशा हवा. पण नकाशा हाही यंत्राचाच भाग. मग नकाशात नकाशाचा नकाशा, त्यातही पुन्हा नकाशा... हे संपणारच नाही.

त्यांनी काढलेला मार्ग एकदम सोपा होता. त्यांनी यंत्राचे चार भाग मानले. पहिला, सूचनांची पट्टी. दुसरा, पट्टी वाचून वस्तू घडवणारा भाग. तिसरा, पट्टीची जशीच्या तशी कॉपी काढणारा भाग. चौथा, या दोघांना योग्य क्रमाने चालवणारा भाग. म्हणजे पट्टीचा वापर दोनदा होतो. एकदा तिच्यातल्या सूचना पाळायच्या, आणि एकदा अर्थ न बघता तिची नुसती कॉपी काढायची. १९५३ साली डीएनएची रचना उलगडली, आणि पुढच्या काही वर्षांत कळलं की पेशीसुद्धा साधारण असंच करते.

मित्र स्टॅनिस्लॉ उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी हेच मॉडेल आलेख कागदासारख्या चौकटींवर मांडलं. प्रत्येक चौकट २९ पैकी एका अवस्थेत, आणि शेजारच्या चौकटी बघून बदलणारी. हे काम मात्र अपुरं राहिलं. १९५५ मध्ये त्यांना कॅन्सरचं निदान झालं. मरणाची त्यांना फार भीती वाटत होती, असं जवळच्या लोकांनी नोंदवलंय. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलमध्ये, ५३व्या वर्षी ते गेले. त्यांच्या टिपणांवरून आर्थर बर्क्स यांनी पुस्तक पूर्ण केलं आणि ते १९६६ साली छापून आलं.

आता तुमच्या फाईलकडे वळू

झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर येणारा शॉर्टकट व्हायरस बघा. तो तुमचे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. एखादी लपलेली स्क्रिप्ट ही इथली पट्टी. बॅकग्राउंडला चालू असलेली प्रोसेस घडवायचं आणि कॉपीचं काम करते. स्टार्टअपमधली नोंद हे सगळं दर वेळी सुरू करून देते. तुम्ही डिलीट करता तो शॉर्टकट म्हणजे फक्त तयार झालेला माल. कारखाना चालूच राहतो!

म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी फाईल कोणाची आहे ते बघा. विंडोजमधली 'थम्ब्स डॉट डीबी' किंवा 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' सिस्टीमच पुन्हा बनवते, घाबरू नका. क्लाउड सिंकमुळेही फाईल परत येऊ शकते. फोनवर एखादा रिकामा फोल्डर परत येत असेल, तर बहुतेक वेळा कुठला तरी अॅप तो बनवत असतो.

२. तरी कळलं नाही, तर मायक्रोसॉफ्टचं मोफत 'प्रोसेस मॉनिटर' चालवा आणि फाईलच्या नावाचा फिल्टर लावा. ती कोणती प्रोसेस लिहितेय ते दिसतं.

३. ती प्रोसेस घातक आहे याची खात्री झाली, तर नेट बंद करून टास्क मॅनेजरमधून ती थांबवा. ऐकत नसेल तर सेफ मोडमध्ये जा.

४. स्टार्टअप आणि टास्क शेड्युलरमधली तिची नोंद काढा.

५. मग मूळ स्क्रिप्ट आणि सगळ्यात शेवटी ती दिसणारी फाईल उडवा. अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन होईपर्यंत दुसरा पेन ड्राइव्ह लावू नका.

एखादी पायरी वगळली आणि फाईल परत आली, तर फॉन नॉयमन यांचे चार भाग आठवा आणि त्यातला कोणता अजून शिल्लक आहे ते शोधा.