धनंजयराव गाडगीळ : कारखान्याचे अध्यक्ष झालेले अर्थशास्त्रज्ञ

आमच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या आणि सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचे सर्टिफिकेट ठेवलेले आहे. त्याच्याखाली कारखान्याचे वार्षिक अहवाल साठले आहेत. दरवर्षी सभेआधी एक अहवाल घरी येतो आणि पेटीत जातो. तो उघडून वाचण्याचा प्रसंग आमच्या घरात कधी आला नाही, कारण वाचणारे कोणी नव्हते. वडील चौथीपर्यंत शिकले आणि आईला सही येते. घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच.

या पेटीची आठवण व्हायला कारण घडले आपल्याच महाविद्यालयात. मध्यंतरी येथे उद्योग आणि शिक्षण यांच्या नात्यावर एक व्याख्यान झाले. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा दोन औद्योगिक वसाहती आपल्या जवळ आहेत. तेथील कारखान्यांशी करार करावेत, अधिकाऱ्यांना सल्लागार मंडळावर घ्यावे, विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी पाठवावे, असे विचार मांडले गेले. व्यवस्थापनशास्त्र शिकवणाऱ्या मोठ्या संस्था हे सर्व कसे करतात तेही सांगण्यात आले. मला ते पटले, पण मनात एक शंका राहिली. कला शाखेत अर्थशास्त्र शिकणाऱ्या माझ्यासारख्याने कारखान्यात जाऊन करायचे काय? ही शंका मी आमच्या सरांना विचारली. उत्तर म्हणून त्यांनी एकच नाव सांगितले, धनंजयराव गाडगीळ. त्यांच्याविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. हा लेख त्या वाचनातून झाला आहे.

धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. बालपण नागपुरात गेले. उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. हिंदुस्थानच्या अलीकडील औद्योगिक उत्क्रांतीवर तेथे केलेला अभ्यास १९२४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. हे पुस्तक पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. १९२५ पासून पाच वर्षे ते सुरतच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादुर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि एकोणतिसाव्या वर्षी गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. पुढली छत्तीस वर्षे, म्हणजे १९६६ पर्यंत, ते त्या पदावर होते.

या संस्थेने आरंभापासून एक रीत पाळली. आधी जायचे, विचारायचे, मोजायचे आणि मगच मत द्यायचे. पुण्याच्या बाजारात फळे कोठून येतात व शेतकऱ्याच्या हाती काय पडते याची पाहणी झाली. मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांत मोटारबसचा धंदा कसा चालतो याचा अहवाल १९३५ साली निघाला. वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च तपासला गेला. पुणे शहरातल्या घराघरांची सामाजिक व आर्थिक पाहणी झाली आणि ती दोन भागांत प्रसिद्ध झाली. त्या काळात अर्थशास्त्र म्हणजे विलायती ग्रंथांवरील टिपणे असा समज असताना या माणसाने बसचालक आणि फळवाले यांना अभ्यासाचा विषय केले, याचे मला फार अप्रूप वाटले.

आपल्या भागाला अशी मोजणी अगदीच नवी नव्हती. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाचा अभ्यास डॉ. हॅरल्ड मॅन आणि कानिटकर यांनी केला होता व तो १९२१ साली पुस्तकरूपाने निघाला. पण अभ्यासक येतात, मोजतात आणि निघून जातात. गाडगीळांचे वेगळेपण असे की ते निघून गेले नाहीत.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या भागाची संस्थेने पाहणी केली. कालव्याच्या पाण्याने प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायदा कोणाला किती झाला हा त्या पाहणीचा विषय होता. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. या भागात ऊस पिकत होता, पण साखर करणारे कारखाने खासगी कंपन्यांचे होते. शेतकऱ्याने गूळ करावा तर भावाचा भरवसा नाही, आणि साखरेतला नफा दुसऱ्याच्या घरी. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना काढावा, या विचाराने तेथे जोर धरला.

हा विचार उचलून धरला लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी. त्यांचे शाळेतले शिक्षण जेमतेम होते, पण त्यांनी १९२३ सालीच लोणीला सहकारी पतपेढी काढली होती. ते गावोगाव हिंडले आणि त्यांनी शेअर गोळा केले. एक केंब्रिजचा विद्वान आणि एक जेमतेम शिकलेला शेतकरी अशी ही जोडी. सरकारदरबारी आणि कर्ज देणाऱ्या संस्थांपुढे गाडगीळांच्या शब्दाला वजन होते. गावात विखे पाटलांच्या शब्दाला वजन होते. एकट्या कोणाच्याही हातून हे काम झाले नसते असे मला वाटते. मुंबई राज्याचे अर्थ व सहकारमंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला. शेतकऱ्यांचे भागभांडवल, सरकारचा वाटा आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांतून प्रवरेचा कारखाना उभा राहिला व १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांच्या मालकीचा महाराष्ट्रातला हा पहिला सहकारी साखर कारखाना.

त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. संस्थेचे संचालकपद सांभाळून त्यांनी जवळजवळ दहा वर्षे ही जबाबदारी वाहिली. या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. सल्लागार होणे सोपे आहे. सल्ला चुकला तरी सल्लागाराचे काही जात नाही. अध्यक्षाला मात्र ताळेबंदावर सही करावी लागते आणि सभेत सभासदांसमोर उभे राहावे लागते. वर्गात सहकाराचे तत्त्व शिकवणारा प्राध्यापक त्या तत्त्वावर चालणाऱ्या धंद्याच्या नफ्यातोट्याला जबाबदार झाला. पुढे अध्यक्षपद विखे पाटलांकडे आले, म्हणजे उसाच्या शेतकऱ्याकडेच गेले.

विद्या आणि उद्योग यांचे नाते अनेक परींनी जुळते. पुण्यात १९४३ साली निघालेल्या वाणिज्य महाविद्यालयाला बृहन् महाराष्ट्र हे नाव लाभले ते बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट या साखर उद्योगातील कंपनीच्या देणगीमुळे. सहकारी व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी पुण्यातली राष्ट्रीय संस्था वैकुंठभाई मेहतांच्या नावाने ओळखली जाते. उद्योगाने विद्येला पैसा द्यावा, अनुभवी माणसे द्यावीत, हे योग्यच आहे. परंतु गाडगीळांच्या उदाहरणात विद्येने उद्योगाला काही दिले. उद्योगही असा, की ज्याच्याजवळ देणगी द्यायला पैसा नव्हता.

त्यांना या वाटेची ओढ का लागली असावी हे समजायला आपला भाग पुरेसा आहे. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, कर्जखते जाळली आणि त्याचे लोण शिरूर तालुक्यातही पोचले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजचा दौंड तालुकाही त्याच भीमथडीतला. दंग्यांनंतर चौकशी झाली, कायदा झाला, पण शेतकऱ्याला रास्त व्याजाने पैसा कोण देणार हा प्रश्न तसाच राहिला. गाडगीळ आयुष्यभर याच प्रश्नामागे होते. १९४४-४५ मध्ये शेतीच्या कर्जपुरवठ्यावरील उपसमितीचे ते अध्यक्ष होते. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीवर त्यांनी काम केले. १९६९ साली त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी एकेका जिल्ह्याची जबाबदारी घ्यावी असे सुचवले, आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राने राज्यांना मदत कोणत्या निकषांवर वाटावी याचे त्यांच्या नावाचे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. १९७१ साली त्यांनी ते पद सोडले आणि ३ मे रोजी दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेगाडीतच त्यांचा अंत झाला.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी केडगावहून लोकलने पुण्याला गेलो. गोखले संस्था आणि ते वाणिज्य महाविद्यालय हे दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत हे तेथे गेल्यावर कळले. संस्थेच्या ग्रंथालयाला धनंजयरावांचे नाव आहे. मी बाहेरून पाहिले आणि परत आलो. घरी आल्यावर लोखंडी पेटी उघडली, पाच वर्षांचे अहवाल काढले आणि रोज रात्री वडिलांना वाचून दाखवू लागलो.

आमचे गाव भीमेच्या काठी, नदीअलीकडे शिरूर आणि पलीकडे दौंड. दोन्ही तीरांवर ऊस आहे. वडिलांना आपल्या उसाचे वजन किलोपर्यंत पाठ असते. पण कारखान्याचा साखर उतारा किती, आणि त्यावर उसाचा दर कसा ठरतो, हे त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळावेत असा नियम १९६६ पासून आहे, हेही त्यांना नवीन होते. एका वर्षी आमचे पैसे कित्येक महिने लांबले आणि माझी फी उसनवारीने भरली गेली. त्या वर्षीच्या अहवालात कर्जावरील व्याजाचा आकडा मी त्यांना दोनदा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला विचारले की आपण मालक आहोत, हे या पुस्तकात कुठे लिहिले आहे का. मी त्यांना सभासदांच्या हक्कांविषयी जे वाचले होते ते सांगितले. शेअर कितीही असोत, प्रत्येक सभासदाला एकच मत, हेही सांगितले.

पुढल्या वार्षिक सभेसाठी आम्ही एक प्रश्न तयार केला आहे. गेल्या हंगामात गाळप किती तास बंद पडले आणि का, एवढाच. तो मी कागदावर लिहिला आहे. सभासद वडील आहेत, त्यामुळे विचारायचा त्यांनीच आहे. लोकांपुढे उभे राहून ते आजवर कधी बोललेले नाहीत. प्रश्नाचा कागद आता त्या पेटीत, शेअरच्या सर्टिफिकेटावर ठेवलेला असतो, आणि शेतावरून आल्यावर वडील तो अधूनमधून माझ्याकडून वाचून घेतात.