अब्दुल्ला ईसाईची वाट

नवी मुंबईतून आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबांतले तरुणही असतात. मुसलमानी मुलखात आपला धर्म किती उघड करावा, हा प्रश्न अशा घरांत निघणे स्वाभाविक होय. चारशे वर्षांपूर्वी एका कॅथलिक प्रवाशापुढे तो याहून बिकट रूपात उभा राहिला होता.

बेंतो द गोईश हा अझोर्स बेटांतला, जन्म १५६२ चा. शिपाई म्हणून तो हिंदुस्थानात आला आणि गोव्यात जेझुइट संघात बंधू झाला. १५९५ मध्ये जेरोम झेवियर यांच्यासमवेत तो अकबराच्या दरबारी गेला आणि तेथे फारसी शिकला. त्या काळी काथाय नावाच्या दूरच्या राज्यात ख्रिस्ती लोक राहतात, अशी वदंता होती. काथाय म्हणजे चीनच, असे मातेओ रिची चीनमधून कळवीत होते. पण गोव्याच्या वरिष्ठांची खात्री पटेना. शोधाचे काम गोईशकडे आले. अकबराने परवाने दिले आणि चारशे सुवर्णनाणीही दिली.

गोईशने केस-दाढी वाढविली, कमरेला तलवार लावली आणि आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेतला. आर्मेनियन ख्रिस्ती व्यापारी मुसलमानी देशांतून सर्रास फिरत असत. त्याने नाव घेतले अब्दुल्ला ईसाई. अब्दुल्ला म्हणजे ईश्वराचा दास, आणि ईसाई म्हणजे येशूचा अनुयायी. म्हणजे त्याने आपला देश लपविला, धर्म लपविला नाही. या वेषाला ढोंग म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

१६०३ च्या आरंभी लाहोरहून सुमारे पाचशे माणसांचा काफिला निघाला. वाटेत लुटारूंनी हल्ले केले. काबूलला पुष्कळ दिवस मुक्काम पडला. तेथे खोतानच्या राजाची आई भेटली. मक्केची यात्रा करून परतताना तिच्याजवळचे पैसे संपले होते. गोईशने माल विकून तिला सहाशे सुवर्णनाणी उसनी दिली, आणि व्याज नाकारले. हाजी राजमातेला एका ख्रिस्ती माणसाने दिलेले हे कर्ज पुढे चीनमध्ये मोठी किंमत येणाऱ्या मौल्यवान जेड दगडांच्या रूपाने फिटले. पामीरच्या थंडीत घोडे मेले. तरी नोव्हेंबरात तो यारकंदला पोहोचला. तेथे वर्षभर राहावे लागले. राजाने त्याला चांगले वागविले, पण धर्मावरून तलवार उगारणारेही भेटले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कारा शहर येथील प्रसंग या जीवनाचा गाभा म्हणावा लागेल. तेथील अधिपतीने पुढच्या प्रवासाचा परवाना लिहिताना विचारले, नावापुढे ईसाई हा शब्द घालायचा काय? गोईशने तो आग्रहाने घालायला लावला. इतका पल्ला ज्या नावाने गाठला, ते आता सोडण्यास तो तयार नव्हता. ते ऐकून एका वृद्ध मौलवीने डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर टाकली आणि भर दरबारात या परधर्मीयाच्या निष्ठेची वाखाणणी केली. आपले लोक मात्र गाव बदलताच धर्म बदलतात, अशी खंतही त्याने बोलून दाखविली.

याच गावी पेकिंगहून परतणारे मुसलमान व्यापारी भेटले. ते तेथे रिचींच्याच मुक्कामी उतरले होते आणि केरातून उचललेला पोर्तुगीज अक्षरांचा एक कागद त्यांच्याजवळ होता. काथाय म्हणजे चीन, हे गोईशला त्या कागदाने कळले. वर्षानुवर्षांच्या वादाचा निकाल असा लागला!

१६०५ च्या अखेरीस तो चीनच्या सीमेवरील सूचौला पोहोचला. तिथून पुढे जाण्याची परवानगीच मिळेना. रिचींनी पाठविलेला चिनी बंधू १६०७ च्या मार्चअखेर येऊन पोहोचला, तेव्हा गोईश अंथरुणाला खिळला होता. ११ एप्रिलला त्याचा अंत झाला. सहप्रवाशांनी त्याची मालमत्ता बळकावली आणि रोजनिशी फाडली, कारण त्यांची देणी तीत नोंदलेली होती.

उरलेले कपटे आणि इसाक नावाच्या विश्वासू आर्मेनियन सोबत्याची स्मृती, एवढ्यावर रिचींनी हा वृत्तांत पेकिंगमध्ये जुळविला. इसाक समुद्रमार्गे परत निघाला, वाटेत डचांच्या हाती सापडला, मलाक्काच्या पोर्तुगीजांनी त्याला पैसे भरून सोडविले. पत्नी वारल्याचे कळताच तो मोगलांच्या मुलखात गेला नाही. पनवेल-पेणवरून अलिबागला जाणाऱ्यांना जे चौल ठाऊक आहे, तेथेच तो स्थायिक झाला.