ट्रम्पेट आणि टाइपरायटर

अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिन्स नावाचे मोठे शहर आहे. या शहरातील एका गरीब वस्तीत ४ ऑगस्ट १९०१ रोजी लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म झाला. लुई लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आई मेरी ॲन लोकांच्या घरी कामे करून मुलांना वाढवत होती. त्या काळी तेथे काळ्या लोकांना गोऱ्या लोकांबरोबर बसण्याचीही मनाई होती.

लुईची शाळा लवकर सुटली. तो एका ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करू लागला. गिऱ्हाइकांना बोलावण्यासाठी तो गाडीवरून पत्र्याचा भोंगा वाजवी. पुढे एका दुकानात त्याला एक जुने कॉर्नेट दिसले. हे तोंडाने फुंकून वाजवायचे पितळी वाद्य असते. त्याच कुटुंबाने थोडे पैसे आगाऊ दिले आणि लुईच्या हातात पहिले वाद्य आले.

३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री नववर्षाच्या आनंदात लुईने हवेत पिस्तूल झाडले. पोलिसांनी त्याला पकडले आणि मुलांच्या सुधारगृहात पाठवले. ही शिक्षाच त्याच्या कामी आली. तेथील संगीतशिक्षक पीटर डेव्हिस यांनी त्याला शिकवले आणि सुधारगृहाच्या बँडचा प्रमुख केले.

१९२२ साली शिकागोहून एक तार आली. लुई ज्यांना गुरू मानत, त्या जो ऑलिव्हर यांनी त्यांना आपल्या बँडमध्ये बोलावले होते. लुई शिकागोला गेले. नव्या शहरात नाव होऊ लागले, पण जुनी माणसे ते विसरले नाहीत. त्याच वर्षी १ सप्टेंबरला त्यांनी न्यू ऑर्लिन्सच्या एका ज्येष्ठ वादकाला पत्र लिहिले. तिकडे अंत्ययात्रेत बँड वाजवण्याची रीत आहे. आपण तेथे तुमच्याबरोबर वाजवायला नाही, याची हळहळ त्या पत्रात आहे.

पुढे लुई आर्मस्ट्राँग जगप्रसिद्ध झाले. 'जाझ' या संगीतप्रकाराचे ते मोठे वादक आणि गायक मानले गेले. ते गावोगाव आणि देशोदेशी फिरत. प्रवासात ट्रम्पेटबरोबर एक लहान टाइपरायटरही असे. कार्यक्रम संपला, की लोक थकून झोपत. लुई मात्र पत्रे लिहायला बसत. मित्रांना लिहीत, तसेच कधीही न पाहिलेल्या चाहत्यांनाही लिहीत.

त्यांची पत्रे व्याकरणाच्या नियमांत बसत नसत. मध्येच मोठी अक्षरे, मध्येच रेघा, जिकडेतिकडे अवतरणचिन्हे! पण वाचणाऱ्याला वाटे, की लुई समोर बसून बोलत आहेत. पत्राच्या शेवटी आपण 'आपला' किंवा 'आपला स्नेही' असे लिहितो. लुई तेथे आपल्या आवडत्या जेवणाचे, म्हणजे लाल घेवडा आणि भाताचे, नाव गमतीने घालत. हे त्यांच्या गावचे गरिबांचे जेवण होते. मोठे झाल्यावरही त्यांना त्याची लाज वाटली नाही.

लुई नेहमी हसतमुख असत. त्यामुळे ते अन्यायाविरुद्ध बोलत नाहीत, असे काहींना वाटे. १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाण्यापासून अडवण्यात आले. तेव्हा लुई यांनी सरकारवर उघड टीका केली आणि सरकारतर्फे रशियाला जाण्याचा बेत सोडून दिला. त्यांचे काही कार्यक्रम रद्द झाले. काही रेडिओ केंद्रांनी त्यांच्या तबकड्या वाजवणे बंद केले. तरी ते आपल्या शब्दांपासून मागे हटले नाहीत. पुढे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मुलांच्या रक्षणासाठी सैनिक पाठवले, तेव्हा लुई यांनीच त्यांना अभिनंदनाची तार केली. रागावताना ते भ्याले नाहीत आणि कौतुक करताना त्यांनी मन लहान केले नाही.

१९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात असलेल्या एका तरुण अमेरिकन सैनिकाला त्यांनी पत्र लिहिले. तो जाझचा चाहता होता. लुई त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. दोन ओळी लिहून ते थांबले असते, तरी त्या सैनिकाला आनंदच झाला असता. पण त्यांनी लांबलचक पत्र लिहिले. लहानपणी आईबरोबर चर्चमध्ये ऐकलेली गाणी, गावचे बँड, पत्नी ल्युसिल यांचे आजारपण, असे सारे त्यात आले. मृत्यू जवळ असलेल्या त्या अनोळखी तरुणाला त्यांनी घरच्या माणसासारखे जवळ केले.

६ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क येथील घरी लुई यांचे निधन झाले. त्यांची अनेक पत्रे आणि कागद जपून ठेवलेले आहेत. २००३ पासून त्यांचे घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुले झाले.

शाळा अर्धवट सुटलेल्या या माणसाने लिहिणे मात्र कधी सोडले नाही. मुलांनो, पत्र लिहायला अवघड भाषा लागत नाही. समोरच्या माणसाविषयी आपुलकी लागते.

स्वाध्याय
१. लुईला पहिले वाद्य कसे मिळाले?
२. लुई यांची पत्रे इतरांच्या पत्रांपेक्षा वेगळी कशी होती?
३. तुमच्या आवडत्या खेळाडूला किंवा कलावंताला मराठीत पत्र लिहा.