रात्री ठणकणारं हाड आणि दार्सोनव्हाल नावाचा माणूस

आलापल्लीत मोटार वाइंडिंग करणाऱ्या एका काकांकडे अजूनही काट्याचा मल्टीमीटर आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये कळलं, की असा काटा हलवणाऱ्या रचनेला दार्सोनव्हाल गॅल्व्हानोमीटर म्हणतात. परीक्षेपुरतं नाव पाठ केलं आणि विसरलो. ते पुन्हा भेटलं माझ्या सोळा वर्षांच्या मामेभावामुळे.

त्याची मांडी रात्री ठणकायची. दुखण्याची गोळी घेतली की थांबायची. रोवणीमुळे दुखत असेल, वय वाढीचं आहे, असं म्हणत आठ महिने गेले. शेवटी नागपूरला सीटी स्कॅनमध्ये हाडात हरभऱ्याएवढी गाठ दिसली: ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. हा कॅन्सर नाही, ती पसरत नाही, पण झोपू देत नाही. डॉक्टरांनी हाड न कापता सुईतून उष्णता देऊन ती जाळली. हे मशीन चालतं कसं, ते शोधताना तेच नाव समोर आलं.

जॅक-आर्सेन दार्सोनव्हाल यांचा जन्म 1851 चा, फ्रान्समधल्या लिमोज शहराजवळच्या ग्रामीण भागातला. शिकायला गेले डॉक्टरकी, पण पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या मोठ्या शरीरशास्त्रज्ञाचे सहायक झाले आणि प्रयोगशाळेतच रमले. शरीरातली वीज आणि उष्णता मोजायला चांगली यंत्रं हवी होती, म्हणून स्वतःच बनवायला लागले. 1882 मध्ये मार्सेल डेप्रे यांच्यासोबत त्यांनी तो गॅल्व्हानोमीटर तयार केला.

मग त्यांनी एक साधा प्रश्न घेतला. विजेची दिशा खूप वेगाने बदलत राहिली तर शरीराला काय होईल? आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शॉक बसतो, स्नायू आखडतात. 1890 च्या सुमारास त्यांना दिसलं, की साधारण 10,000 हर्ट्झच्या वर गेलं की स्नायू आखडत नाहीत. मज्जातंतूला प्रतिसाद द्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दिशा उलटलेली असते. जाणवते ती फक्त ऊब. त्याच काळात अमेरिकेत टेस्लाही अशाच विजेवर काम करत होते.

या शोधातून पुढे बरंच काही अतिरंजितही झालं. रक्तदाबापासून अशक्तपणापर्यंत सगळ्यावर ही वीज दिली जाऊ लागली आणि त्यातले बरेच दावे टिकले नाहीत. पण मूळ निरीक्षण पक्कं होतं. 1926 मध्ये बोस्टनला बोव्ही आणि कुशिंग यांनी अशाच विजेचं उपकरण मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं. दार्सोनव्हाल 1940 च्या शेवटच्या दिवशी वारले. हाडातल्या या गाठीचं स्वतंत्र वर्णन जाफे यांनी 1935 मध्येच केलं होतं, पण तेव्हा उपाय एकच होता: हाडाचा तुकडा काढणं. 1989 मध्ये अमेरिकेत डॅनियल रोझेंथल यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

पद्धत अशी. भूल देऊन सीटी स्कॅन बघत सुई गाठीत नेतात. तिच्यातून साधारण 500 किलोहर्ट्झची वीज जाते. टोकाजवळचे आयन मागेपुढे हलतात, घर्षणाने उष्णता तयार होते. टोक सुमारे 90 अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवलं की गाठ मरते. परतीची वीज त्वचेवर चिकटवलेल्या मोठ्या पॅडवर पसरते, त्यामुळे बाकी शरीर भाजत नाही. मणक्यासारख्या जागी मात्र शेजारच्या नसा सांभाळाव्या लागतात.

मामेभाऊ दुसऱ्या दिवशी चालत घरी आला. त्या आठवड्यापासून रात्रीची गोळी बंद.

रात्रीचं प्रत्येक दुखणं म्हणजे ही गाठ नव्हे. पण तुमचं किंवा धाकट्या भावंडाचं एकाच जागचं हाड रोज रात्री ठणकत असेल आणि गोळीने तेवढ्यापुरतंच थांबत असेल, तर आठ महिने थांबू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.