देणगी आणि परवाना: छागलांनी आधीच दिलेला इशारा

एम. सी. छागला १९४७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. कारखान्याचा परवाना सरकारच देई, असा तो काळ. १९५७ मध्ये राजकीय पक्षांना देणगी देता यावी, यासाठी टाटा आयर्न अँड स्टीलने कंपनीच्या उद्दिष्टांत बदल मागितला. कायद्याची आडकाठी नसल्याने छागलांनी परवानगी दिली. मात्र यातून लोकशाहीलाच धोका असल्याचे बजावून संसदेने लक्ष घालावे, असे सुचवले. १९५८ मध्ये त्यांनी मुंदडा प्रकरणाची जाहीर चौकशी केली, अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींना पद सोडावे लागले. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, १९८५ मध्ये ती उठली. छागला १९८१ मध्ये गेले. २०२४ मध्ये निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले, तेव्हा प्रश्न तोच होता: देणगीच्या बदल्यात काय?